शंभरातले बासष्ट

७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या शिंपीणकाकूंकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच कचऱ्यात टाकलं असतंस, म्हणून हा उद्योग. आता उघडलंच आहेस तर वाच.

पत्ता तुझ्या कंडक्टर मित्राने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. आई त्याच्या बसमध्ये जाऊन नुसती बसायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. तिकीट काढायची, बोलायची मात्र काही नाही. शेवटी त्यालाच कसंतरी झालं. तू फोनचा नंबर बदललास, मग आम्ही दुसरं काय करणार?

मी काही मागायला लिहीत नाहीये. खुशाली कळवावी, एवढंच.

आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ पहिल्यासारखीच आहे. मी बरी आहे. लग्न मोडून परत आले तेव्हा चार दिवस बेकरीत हातभार लावते म्हटलं होतं, ते चार दिवस अजून संपले नाहीत. हल्ली पीठ मळण्यापासून भट्टीपर्यंत सगळं माझ्याकडेच आहे. बाबांकडून होत नाही. ते मैद्याच्या पोत्याला टेकून खुर्चीवर बसतात आणि हुकूम सोडतात.

"पाणी किती घेतलंस?"

"साठ."

"हवा दमट आहे. अठ्ठावन्न कर."

मैदा म्हणजे शंभर, बाकी सगळं त्याच्या हिशोबाने. मीठ दोन, यीस्ट दीड. शाळेतल्या बाईंनी टक्केवारी शिकवायला घेतली तेव्हा आपल्याला ती आधीच येत होती, आठवतं? तू बाईंना विचारलं होतंस, "यात मैदा कोणता?" आणि वर्ग हसला होता.

बाबांचे डोळे पिवळे दिसतात. पोट फुगलंय, हातापायांच्या मात्र काड्या झाल्यात. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, हे तुलाही माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, कधीकाळची कावीळ रक्तात दबा धरून बसली होती. यकृताचं काम तीस टक्क्यांवर आलंय म्हणे. औषधं चालू आहेत.

काळजीचं कारण नाही. तू तिकडे त्या शीतगृहात काम करतोस असं कळलं. अंगात दोन कपडे जास्त घालत जा.

तुझी,
ताई


२९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे निदान पोचलं तरी.

बाबांना गेल्या आठवड्यात दवाखान्यात ठेवलं. पोटातलं पाणी काढलं. डॉक्टरांनी मला आणि आईला खोलीत बोलावून कागदावर चित्र काढून दाखवलं. औषधांनी आता भागणार नाही. घरातल्या कोणाच्यातरी यकृताचा तुकडा काढून बाबांना लावायचा. देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं, शेपूट तुटलेल्या पालीसारखं. पालीचं मी म्हणतेय, डॉक्टर नाही.

मी म्हटलं, माझं घ्या. लगेच तपासण्या केल्या. रक्तगट जुळला, हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली. सगळं ठीक, आणि शेवटी काय निघालं? यकृतात बावीस टक्के चरबी. दहाच्या वर असेल तर ते घेत नाहीत. करपलेला ब्रेड आणि तुटकी बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून आयुष्यभर मीच खाल्ली, ती सगळी तिथे जाऊन बसलीत.

आईचं वय जास्त, तिला दारातूनच परत पाठवलं. काका आले, रक्त दिलं, गट जुळला नाही. "नाहीतर मी एका पायावर तयार होतो," असं वॉर्डभर सांगून गेले. आई म्हणाली, "दुसरा पाय तोवर जिन्यात पोचला होता." त्या दिवशी आम्ही दोघी पुष्कळ दिवसांनी हसलो. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण मला वाटतं तेही हसले.

तर आता माझी तेवढी चरबी उतरली की काम झालं. साखर बंद, लोणी बंद. दुपारी बेकरी बंद करून नदीच्या पुलापर्यंत भरभर चालत जाते आणि येते. रोज ब्रेड भाजायचा आणि त्याच्याकडे बघायचं नाही, याला काय म्हणावं सांग.

डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिन्यांत होऊन जाईल. तोवर बाबा तग धरतील.

तू काळजी करू नकोस. मी आहे.

ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आज मी मागायला लिहितेय. काही मागत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते तेव्हाही खरं नव्हतं.

बाबा तग धरतील असं डॉक्टर म्हणाले नव्हते. ते वाक्य मी माझ्या मनाचं घातलं. ते म्हणाले होते, "बघू." परवा बाबांनी मला ओळखलं नाही. मला बघून म्हणाले, "ताजा माल चारनंतर मिळेल." दुपारपर्यंत पुन्हा शुद्धीवर आले. यकृत काम करत नसलं की रक्तातली घाण डोक्यात चढते म्हणे.

काल माझी पुन्हा तपासणी झाली. सतरा. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "तेवीस टक्के सुधारणा आहे." आईने माझा हात घट्ट धरला. "तेवीस? मग झालं की! दहाच हवे होते ना?" मला तिला बाहेर बाकावर बसवून समजावून सांगावं लागलं, की बावीसचे सतरा झाले, म्हणजे बावीसमधला पावभर कमी झाला, अजून सात उतरायचे आहेत. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी म्हणाली, "हे टक्क्यांचे टक्के कशाला काढतात गं? माणसाला फसवायला?"

म्हणून तुला आकडे सरळ सांगते. ऑपरेशन झालं तर शंभरातले पंच्याऐंशी जण वर्षभरानंतर हिंडते-फिरते असतात. हे ऐकल्यावर आईने विचारलं, "आणि राहिलेल्या पंधरांच्या घरचे?" ऑपरेशन नाही झालं तर काय, असं मी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी आकडा दिला नाही. टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं.

आता तुझ्या बाजूचं. रक्तगट तुझा आणि बाबांचा एकच आहे, हे तुझ्या हाताच्या अपघाताच्या वेळी कळलं होतं. यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढतात. दोन-तीन महिन्यांत बराचसा भरून येतो, पण पोटावरचा व्रण जन्मभर राहतो. तुला ओझी उचलायचं काम करता येणार नाही, निदान काही महिने. आणि देणाऱ्याच्या जिवाला धोका अर्धा टक्का. म्हणजे दोनशेत एक. मी विचारलं, त्या एकाचं काय झालं? म्हणाले, "आमच्याकडे तो एक अजून आलेला नाही." मला ते उत्तर आवडलं नाही. तुलाही आवडू नये.

तुझ्या हाताबद्दल काही न लिहिता एवढं सगळं मागणं हा निर्लज्जपणा होईल, म्हणून लिहिते. मळायच्या मशीनची संरक्षक जाळी काढली की वीस टक्के जास्त माल निघतो, म्हणून बाबांनी ती काढली होती. अपघातानंतर चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा मात्र म्हणाले, पोरानेच काढली. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तुझ्यासारख्या डावखुऱ्या मुलाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि दाखल्यावर आलं, अकरा टक्के कायमचं अपंगत्व. त्या दिवशी जेवताना बाबा तुला म्हणाले, "एकोणनव्वद शिल्लक आहेत ना? मग उद्यापासून भट्टीवर ये." तू ताट सरकवून उठलास. ते ताट आईने बराच वेळ उचललं नव्हतं, हे तुला माहीत नसेल.

आई म्हणते, त्याला विचारू नकोस, कोणत्या तोंडाने विचारणार? बाबांना मी लिहितेय हे माहीत नाही. तू नाही म्हणालास तर मी तुला कधी एका शब्दाने बोलणार नाही. उत्तरच दिलं नाहीस तर तेही नाही असं समजेन.

ताई


१६ मार्च

प्रिय धाकट्या,

तू आलास तेव्हा मी तुला नीट 'ये'सुद्धा म्हटलं नाही. हात पिठाने भरले होते आणि तू दारातूनच विचारलंस, "रक्त कुठे द्यायचंय?" पाच वर्षांनी आलेला माणूस असं बोलतो का रे? पण मला बरं वाटलं. तू आणखी काही बोलला असतास तर मी रडले असते आणि मळलेलं सगळं पीठ फुकट गेलं असतं.

तपासण्या होईपर्यंत तू लॉजवर राहिलास, आईबरोबर दवाखान्याच्या उपाहारगृहात चहा घेतलास, वर वॉर्डात गेला नाहीस. ठीकच केलंस.

तू गेल्यावर रिपोर्ट आले. सगळं जुळलं. तुझ्या यकृतात चरबी तीन टक्के. डॉक्टर म्हणाले, "उत्तम आहे." बासष्ट टक्के काढतील, अडतीस तुझ्याकडे राहतील. तीसच्या खाली जाऊ देत नाहीत, तेव्हा जागा आहे म्हणाले. जागा आहे! जसं काही कपाटच.

मग बाबांना सांगायची वेळ आली. त्या दिवशी ते शुद्धीत होते. आई त्यांच्या पायांना तेल लावत होती. मी म्हटलं, "बाबा, यकृत मिळालं."

"तुझं झालं का दहा?"

"माझं नाही. धाकट्याचं."

त्यांनी पाय आखडून घेतले. मग म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"त्याचं नको."

आई उसळलीच. "अहो, नको म्हणजे काय? भाजीवाला दारात आलाय का, नको म्हणायला?"

बाबा माझ्याशीच बोलत राहिले. "त्याचे अकरा माझ्या मशीनमध्ये गेले. वर हे किती म्हणालीस?"

"बासष्ट."

"बेरीज कर."

मी म्हटलं, "बाबा, अशी बेरीज होत नाही. हात वेगळा, यकृत वेगळं. दोन्हींचे शंभर वेगवेगळे."

"मला टक्के शिकवू नकोस," ते म्हणाले. "शंभर तोच आहे."

आई तेलाची बाटली घेऊन बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले, मागे सगळा लवाजमा. ते बाबांना समजावायला लागले तर बाबा मोठ्याने म्हणाले, "जाळी मी काढली होती." डॉक्टरांनी परिचारिकेकडे पाहिलं. "कसली जाळी?" तिलाही काही कळेना. तिने बाबांच्या कागदावर लिहिलं, असंबद्ध बोलतात. मी तिला म्हटलं, ते खोडा, ते पूर्ण शुद्धीत आहेत. तिने खोडलं नाही.

ज्या साहेबांसमोर हे बोलायला हवं होतं ते केव्हाच निवृत्त झाले असतील. तरी तुला कळावं म्हणून लिहिलं.

आणि हेही लिहिते, की याला पश्चात्ताप म्हणायचं की हट्ट, मला अजून कळलेलं नाही. आपल्या बाबांना कोणाकडून काही घेणं कधीच जमलं नाही. शेजाऱ्याची छत्रीसुद्धा नाही. कदाचित त्यांना तुझी कीव येत असेल, कदाचित तुझ्या उपकारात राहायचं नसेल. दोन्ही थोडं थोडं असेल. किती टक्के काय, ते मला विचारू नकोस.

त्यांची सही असल्याशिवाय दवाखाना पुढे जात नाही.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

अजून नाहीच म्हणतात. काका बोलून गेले, डॉक्टर बोलून गेले, आई तर त्यांच्याशी बोलतच नाही. पोटातलं पाणी परत काढावं लागलं. माझं चौदावर आलंय.

तुला 'येऊ नकोस' असं लिहायला हवं. तू मोकळा झालास, आता सुखाने राहा, असं. दोनदा कागद घेतला आणि लिहवलं नाही. 'ये' लिहायलाही हात होत नाही. तेव्हा जे आहे ते फक्त कळवलं.

ताई


२५ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तू सगळे विधी उरकून गेलास त्या दिवसापासून आई तुझ्या खोलीत झोपते. दिवसा ठीक असते. गल्ल्यावर बसायला लागलीय. गिऱ्हाइकांना इतके प्रश्न विचारते की लोक सुट्टे पैसे परत न घेताच पळतात.

मळायच्या मशीनला नवीन जाळी बसवून घेतली. मेकॅनिकने बजावलं, "माल कमी निघेल हं." मी म्हटलं, किती कमी ते मला माहीत आहे.

तुला वाटत असेल की तू वॉर्डात बाबांना भेटलास तेव्हा मी बाहेर औषधं आणायला गेले होते. गेले नव्हते. दाराशी उभी होते. सगळं ऐकलं.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. तू बसलाससुद्धा नाहीस. म्हणालास, "मशीनने मला विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालोय."

"का?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. ते मला विचारू नका. सही करा."

मग ते भिंतीकडून वळले. बाबा म्हणाले, "हात बघू." मी फटीतून पाहिलं. तू खिशातून हात काढून चादरीवर ठेवलास. त्यांनी त्याला बोटही लावलं नाही, नुसतं पाहत राहिले. "थंडीत दुखतो?"

"दुखतो."

"आणि काम शीतगृहात करतोस."

"हो."

एवढंच. मग त्यांनी पेन मागितलं. सही करताना नावाचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. पाच वर्षांचं भांडण आणि तुम्ही दोघं हवामानावर बोललात. मी आईला अजून हे सांगितलेलं नाही. सांगेन. तिला ते पुरेल.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे बाबांना ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. अशा अंगावर सुरी चालवता येत नाही म्हणाले, आधी ताप उतरू दे. तो उतरलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या पंच्याऐंशीत किंवा पंधरात जायची बाबांची पाळीच आली नाही. त्यांची मोजणी तिसरीकडेच झाली.

आई एकदा म्हणाली, "त्यांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं तर?" मी म्हटलं, तर कदाचित. तिने विचारलं, "कदाचित म्हणजे शंभरात किती?" मी सांगितलं नाही. मला आकडा सुचत होता, पण तो तिला देऊन तिने त्याचं काय करायचं?

बाबा गेल्यावर आठवड्याभराने दवाखान्यातून फोन आला. नवीन मुलगी होती, तिला काही माहीत नव्हतं. मी आधी करून घेतलेल्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. "ताई, अभिनंदन, नऊ आलं!" म्हणाली. मी तिला थँक यू म्हटलं. आईने विचारलं कोण, मी म्हटलं, यीस्टवाला. मग एक अख्खा ब्रेड कापला आणि लोणी लावून उभ्याउभ्या खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला.

तू जाताना स्टँडवर मला म्हणालास, "माझं काहीच कामाला आलं नाही." तेव्हा बस सुटत होती, मला उत्तर देता आलं नाही. ते द्यायलाच आज बसलेय, आणि इतकं सगळं लिहून झालं तरी ते राहिलंच आहे.

त्या सकाळी तू वरच्या मजल्यावर होतास. हिरवा झगा घातलेला, हातात सलाईनची सुई, पोटावर डॉक्टरांनी शाईने रेघ काढलेली. तू थट्टा करत होतास, की पाटी रंगवायच्या आधी मीही अशीच रेघ मारायचो. पण तुझे ओठ पांढरे पडले होते आणि झग्याची नाडी तू सोडून परत बांधत होतास. तुला भीती वाटत होती. मला दिसत होतं. तरी तू आला होतास, आणि मी तुला आणलं होतं. दोनशेत एक, दोनशेत एक, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं मीच सगळ्यांना सांगत आले होते.

मग सर्जन आत आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "आज होणार नाही. वडिलांची तब्येत बिघडलीय." परिचारिकेने तुझ्या हातातली सुई काढली. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी तोंड फिरवलं. तुला वाटलं असेल, मी रडतेय.

रडत नव्हते. वाचला, असं माझ्या मनात आलं होतं, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळले. वाचला माझा भाऊ. अंग एकदम हलकं झालं, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

खालच्या मजल्यावर तेव्हा बाबा जिवंत होते.

तुझी,
ताई